गाडी ओढत नाही? आधी इंजिन खोलू नकोस

भावा, तुळजापूरच्या घाटात जुनी, कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी दम तोडते म्हणून लगेच कुणी ‘बोअर गेलाय’ (म्हणजे इंजिनाचे सिलिंडर झिजलेत) म्हणालं, तर मान डोलावू नकोस. आधी क्लच बघ. वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलेटर दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय, इंजिन बिचारं निर्दोष आहे. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकल. जड गेली तर ब्रेक चिकटलेत. मी स्वतः आठवडाभर कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करत बसलो होतो आणि दोष निघाला ॲक्सिलेटरच्या केबलचा. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडतच नव्हता! एकाला पेडल दाबायला बसव, तू बॉनेटखाली थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते बघ.

एअर फिल्टर आपल्याकडच्या धुळीत लवकर चोंदतो, तो बदलूनच टाक.

मग स्पार्क प्लग काढ. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे कमी किंवा प्लग फार तापतोय. प्लगांना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्युमची बारीक नळीही तपास, सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर तडकतं.

एवढं करूनही फरक नाही, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोज. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा; नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगचा). खर्चाचं बोलणं त्यानंतर.