आधी पैरा, मग नोंदणी

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरचा, गेली पाच वर्षं घरूनच वेबसाइटची कामं करतो. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, दोघं वर्डप्रेसवाले, दोघं रिअ‍ॅक्टवाले, एक डिझायनर आणि एक मित्र सध्या बेंगळुरूला असतो तो सर्व्हरचं बघतो. होतं असं की एकाकडे एवढं काम येतं की तो रात्र रात्र जागतो आणि त्याच महिन्यात दुसरा रिकामा बसलेला असतो. मोठं काम एकट्याला झेपत नाही म्हणून सोडावं लागतं, मागच्या महिन्यात एका शिक्षणसंस्थेच्या पोर्टलचं काम असंच हातचं गेलं. म्हणून आता रीतसर सहकारी संस्था काढून कामं वाटून घ्यायची असं ठरवलंय. नोंदणी कशी करायची, पैसे कसे वाटायचे आणि बिल कुणाच्या नावाने करायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विचार चांगलाय आणि तो सोडू नका हे पहिलं. पण तुम्ही नोंदणी आधी विचारलीत आणि पैशांचं नंतर, ते मी उलटं घेते.

तुमच्या भागात शेतकरी पैरा करतात, आमच्याकडे त्याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ते चालतं कारण कुणी किती दिवस घाम गाळला ते सगळ्यांना बांधावरून दिसत असतं. आपल्या कामात नेमकं तेच दिसत नाही. आम्ही चौघांनी काही वर्षांपूर्वी एका साडीच्या दुकानाची साइट घेतली, १,६०,००० रुपये, प्रत्येकी ४०,००० असं चहा पिता पिता ठरलं. डिझाइन करणारी आठ दिवसांत मोकळी झाली. बॅकएंडवाल्याच्या, म्हणजे साइटचा पडद्यामागचा भाग लिहिणाऱ्याच्या नशिबी पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी जोडणी आली, गिऱ्हाइकाचे पैसे कटायचे आणि ऑर्डरच तयार व्हायची नाही, कारण बँकेकडून निरोप परत येईपर्यंत आमचं सेशन, म्हणजे साइटने त्या गिऱ्हाइकाला ओळखून ठेवायची मुदत, संपलेलं असायचं. ते सापडायला त्याला तीन आठवडे लागले, रात्री दोन दोन वाजेपर्यंत लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी वाचत बसायचा, आणि शेवटी हातात तेच ४०,०००. तो भांडला नाही, एक शब्द बोलला नाही. पुढचं काम आलं तेव्हा फक्त "मला जमणार नाही" म्हणाला. आमचा ग्रुप तिथंच संपला, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण चूक त्याची नव्हती, कुणी किती तास दिले ते लिहायची वहीच नव्हती.

म्हणून आता मी ज्या ग्रुपमध्ये आहे तिथं काम घ्यायच्या आधी वाट्यांचं आणि तासांचं शीट भरतो. समजा जीएसटी सोडून १,८०,००० चं काम आलं. १० टक्के ज्याने क्लायंट आणला त्याला, तेही पहिल्या वर्षापुरतंच, कायमची जहागिरी नाही. १० टक्के जो क्लायंटशी बोलतो त्याला, कारण रोजचे फोन आणि "लोगो जरा मोठा करा" ऐकून घेणं हे पण कामच आहे. १० टक्के सामायिक खात्यात, हा पैसा होस्टिंगला, टूल्सला आणि रिकाम्या महिन्यात सदस्याला उचल द्यायला. आणि १० टक्के ९० दिवस अडकवून ठेवायचे, त्यातून डिलिव्हरीनंतरचे बग जो निस्तरेल त्याला मिळतात. हे चार वाटे १८,००० चे, म्हणजे ७२,००० गेले, उरलेले १,०८,००० तासांच्या अंदाजाप्रमाणे. अंदाज चुकला, वर सांगितलं तसा गेटवे निघाला, तर दर शुक्रवारी शीट परत उघडायचं आणि सगळ्यांच्या समोर तास बदलायचे. टक्के तुमचे वेगळे असू देत, पण पैसे यायच्या आधी ठरलेले असू देत.

बिलाचं म्हणाल तर सुरुवातीला लोक काय करतात की एकाच्याच नावाने सगळं बिल करतात आणि मग जीपेवर वाटतात. हे करू नका. क्लायंट टीडीएस कापतो तो त्या एकाच्याच पॅनवर दिसतो, सगळी रक्कम त्याचंच उत्पन्न धरली जाते, आणि वर्षाला २० लाखांची जीएसटी नोंदणीची मर्यादा तो एकटाच ओलांडतो. एकाने बिल करायचंच असेल तर बाकीच्यांनी त्याला आपापली बिलं द्यायची आणि पैसे बँकेतूनच, समोर काम काय केलं ते लिहून. छोट्या कामाला क्लायंट तयार असेल तर प्रत्येकाने थेट आपलं बिल द्यावं, ते सगळ्यात साफ.

आता नोंदणी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे किमान १० जण लागतात आणि तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले, त्यामुळे बायको आणि आई-वडील धरून आकडा भरता येत नाही. तुम्ही सहा. त्यात बेंगळुरूचा मित्र राहतो दुसऱ्या राज्यात. दोन राज्यांची संस्था करायची तर २००२ चा बहुराज्य कायदा लागतो आणि तिथं प्रत्येक राज्यातून ५० माणसं लागतात, तो विषयच सोडा. शिवाय नोंदणी झाली की दरवर्षी ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही. हे नियम वाईट नाहीत, उलट एक सदस्य एक मत ही गोष्ट मला मनापासून आवडते, मग शेअर कुणाचे किती का असेनात. पण सहा जणांना सगळा वेळ कागदातच जाईल.

तुमच्यासाठी पुढची पायरी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, ती दोघांतही होते, राज्याची अट नाही, आणि करारात एक माणूस एक मत असं स्वतः लिहून घेता येतं. खर्च मात्र बघून घ्या, नफ्यावर ३० टक्के कर आणि फ्रीलान्सरला निम्मी जमा उत्पन्न दाखवून सुटायची जी सोय आहे ती एलएलपीला नाही, वर काम झालं नाही तरी दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरावेच लागतात. साधी भागीदारी स्वस्त, पण तिथं एकाच्या चुकीची भरपाई दुसऱ्याच्या घरादारावर येऊ शकते. म्हणून मी म्हणेन की एक वर्ष साध्या लेखी करारावर पाच-सहा कामं करा. लिज्जतचंच बघा ना, १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि संस्था म्हणून नोंदणी झाली १९६६ ला, मधली सात वर्षं काम आणि हिशेब. आणि आपल्याच धंद्यातली इगालिया, स्पेनमधल्या ला कोरुन्याची, २००१ पासून चालू आहे, सीएसएस ग्रिड, म्हणजे वेबपानाची चौकटीत मांडणी करायची सोय, क्रोम आणि सफारीच्या इंजिनात बसवण्याचं मोठं काम त्यांनी केलंय. कागदोपत्री ती मर्यादित कंपनी, पण मालक तिथं काम करणारेच आणि निर्णय सभेत होतात.

एक गोष्ट करारात विसरू नका. फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा हक्क मुळात त्याचाच असतो, तो लेखी दिल्याशिवाय ग्रुपकडे किंवा क्लायंटकडे जात नाही. लेखी दिला पण मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी क्लायंट असेल तर मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द तुम्हाला वाचवतील. आणि डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), रेपो (कोडचा साठा) कुणा एकाच्या खासगी मेलवर ठेवू नका. आमचं एक डोमेन ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी संपलं होतं, ज्याच्या मेलवर होतं तो गावी, फोनला रेंज नाही, आणि क्लायंटच्या दुकानात गर्दी.

प्रश्न : आम्ही तिघांनी मिळून एका कंपनीचं काम केलं, चार महिने झाले, पैसे "पुढच्या महिन्यात" म्हणतात. मी म्हटलं कोर्टात जाऊ तर बाकीचे दोघं घाबरतात. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उद्यम, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, केलीय का? सरकारी पोर्टलवर ती फुकट होते आणि काम सुरू व्हायच्या आधी केलेली असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. करार काहीही असो, पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, मुदतच लिहिलेली नसेल तर १५ दिवसांत. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते, म्हणजे थेट कोर्टात उभं राहायची गरज नाही, हे त्या दोघांना सांगा. त्याआधी एक मेल लिहा, बिलाचा नंबर, डिलिव्हरीची तारीख, त्यांनी काम मंजूर केल्याचा मेसेज आणि आजपर्यंतचं व्याज रुपयांत काढून. आमच्या एका क्लायंटने तो आकडा वाचून चौथ्या दिवशी मुद्दल दिली. नोंदणी नसेल तर आजच करून टाका, या बिलाला नाही तरी पुढच्याला लागेल, आणि या बिलाची मागणी वकिलाच्या नोटिशीने करा, तिघांच्याही नावाने.