रक्ताची गुठळी असताना तिसऱ्या दिवशी घरी सोडले, हा हलगर्जीपणा ठरतो का?

आपण निपाणीहून विचारले आहे की, वडिलांच्या पायातील शिरेत रक्ताची गुठळी असताना मिरजेच्या खासगी दवाखान्याने त्यांना तिसऱ्या दिवशी घरी सोडले, आठवडाभरात गुठळी फुप्फुसात गेली, तर दवाखान्याला जबाबदार धरता येईल का आणि दाद कोणत्या राज्यात मागायची. मी बेळगावात वकिली करतो. अशी प्रकरणे माझ्याकडे येत असतात.

लवकर सोडले, एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. गुठळी विरघळेपर्यंत कोणालाही दवाखान्यात ठेवत नाहीत. औषध ती वाढू देत नाही, विरघळवण्याचे काम शरीर सावकाश करते आणि उपचार किमान तीन महिने चालतात. पाहायचे ते हे, की घरी जाताना रक्त पातळ ठेवण्याची सोय पुरेशी होती का. वॉरफरीनच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून ती सुरू केल्यावरही हेपरिनची, म्हणजे रक्त लगेच पातळ करणारी, इंजेक्शने किमान पाच दिवस, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) निदान २४ तास २ च्या वर राहीपर्यंत, चालू ठेवावी लागतात. डिस्चार्ज कार्डावर वॉरफरीन आहे, आयएनआर १.३ आहे आणि इंजेक्शनाचा उल्लेखच नाही, असे आढळले तर तज्ज्ञ डॉक्टरांचे लेखी मत अवश्य घ्यावे. याउलट रिव्हारोक्झाबॅन ही इंजेक्शनाची जोड न लागणारी गोळी १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २१ दिवस, असे लिहून दिले असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर तिसरा दिवस हा आक्षेप टिकणे कठीण.

‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ अशा इंग्रजी कागदावर घरच्यांची सही घेतली आहे का, तेही पाहा. बिल भरण्याच्या गडबडीत ती सही झालेली असते आणि बचावात पहिला कागद तोच निघतो.

केसपेपरसाठी आजच लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. दवाखाना महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात, हे सीमाभागात नेहमीचेच. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तेथेही तक्रार करता येते, म्हणून बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आपल्याला खुला आहे. मराठी कागदांना इंग्रजी किंवा कन्नड अनुवाद जोडावा. डॉक्टरांविरुद्ध शिस्तभंगाची तक्रार मात्र त्यांची नोंदणी ज्या राज्यात आहे, तेथील वैद्यक परिषदेकडे जाते. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे.