वाचकांचे प्रश्न : मैदानावर मूल कुणाच्या भरवशावर?

*घणसोली गावात आमचं कबड्डी मंडळ आहे. आठ ते सोळा वर्षांची साठेक मुलंमुली सरावाला येतात. दोन प्रशिक्षक मानधनावर, बाकी जुने खेळाडू हौसेने शिकवतात. एका पालकाने सगळ्यांचे पोलिस दाखले मागितले. सगळी गावातलीच, ओळखीची पोरं. याची खरंच गरज आहे का?*
– चिटणीस, घणसोली

आहे, आणि त्या पालकाचं काहीही चुकलेलं नाही. पॉक्सो म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांमध्ये शाळा आणि पाळणाघरांच्या जोडीने क्रीडा अकादमींचाही उल्लेख आहे. कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा झाडलोट करणारा, त्याची ठरावीक काळाने पोलिस पडताळणी व्हायला हवी. हौसेने शिकवणारा ‘कर्मचारी’ ठरतो का, यावर खल करत बसू नका. त्याचाही दाखला घ्या. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तो माणूस जिथे राहतो त्या आयुक्तालयाकडे. घणसोली-ऐरोलीकरांचा नवी मुंबईकडे, कळव्याहून येणाऱ्याचा ठाणे शहराकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर भागवू नका. मूळ कागद बघा, क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा. दर दोन वर्षांनी नवा दाखला मागायचा, असा ठरावच करून टाका.

पण दाखला मिळाला की काम संपलं असं धरलंत तर फसाल. ज्याच्याविरुद्ध कधी कुणी तक्रारच केली नाही त्याचा कागद कोराच येणार. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदही पोलिसांपुरतीच आहे, मंडळाला ती बघता येत नाही. म्हणून त्याच्या आधीच्या दोन मंडळांना फोन करा आणि एवढंच विचारा : ‘पुन्हा याच्या हाती मुलं द्याल का?’ उत्तर आडवळणाने आलं तर खोलात जा.

खरं काम रोजच्या शिस्तीचं आहे. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही, हा पहिला नियम. कपडे बदलायच्या खोलीची आणि साहित्याच्या खोलीची किल्ली एकाच्याच खिशात नको. कबड्डीत दोन जागा खास सांभाळायच्या. पहिली वजनाची. वजनगटात बसवायला मुलांना अंतर्वस्त्रांवर काट्यावर उभं करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती बंद करा. टी-शर्ट आणि हाफ पँटवर वजन घ्या, कपड्यांचे ग्रॅम हिशेबात धरा, मुलींचं वजन बाईंनीच घ्यावं आणि दोन मोठी माणसं हजर असावीत. दुसरी मालीश आणि स्ट्रेचिंगची. ते मैदानावर सगळ्यांदेखत, हात कुठे लावणार हे आधी सांगून. पोराने ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबायचं. पकडीचा खेळ आहे, अंगाला हात लागणारच, पण नेमका तोच बहाणा होतो.

सराव सुटल्यावर उरलेल्या शेवटच्या मुलीला सरांनी स्कूटरवर घरी सोडणं ही आपल्याकडची सगळ्यात सर्रास चालणारी चूक. दोन मोठ्यांनी फाटकाशी थांबायचं आणि घरी फोन लावायचा. मुलांना प्रशिक्षकाचे स्वतंत्र मेसेज जाऊ नयेत. जे असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. बाहेरगावच्या स्पर्धेत प्रशिक्षक मुलांच्या खोलीत झोपणार नाही, आणि मुलींच्या संघासोबत बाई नसेल तर संघ निघणार नाही.

*माझ्या मुलीच्या बारा वर्षांच्या मैत्रिणीने तिला सांगितलं की क्लबमधले सर नको तिथे हात लावतात. अध्यक्षांना भेटले तर म्हणाले, ‘आधी आपण आतल्या आत चौकशी करू, क्लबचं नाव खराब होईल.’ मी तर तिची आईही नाही. गप्प बसू का?*
– एक पालक, कोपरी

गप्प बसायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याची माहिती किंवा तो होईल अशी धास्ती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं असतं. आई असण्याची अट नाही. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, हे कलम २१ अध्यक्षांना वाचून दाखवा. तुम्ही सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही.

आजच त्या मुलीच्या आईवडिलांना भेटा. त्यांनी पाय मागे घेतला तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. स्थानिक पोलिस ठाण्यात जा किंवा ११२ लावा; मुलांसाठी १०९८ आहेच. मुलीने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. ‘सरांनी असं केलं का, तसं केलं का’ असे शब्द तिच्या तोंडी घालू नका. कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका. तिचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकारी, गणवेश न घालता घेतात. विश्वासातलं माणूस जवळ बसू शकतं. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं.

‘आतल्या आत चौकशी’त नेमकं काय बिघडतं? क्लबच्या चौकशी समितीतले पाच जण तिला पाच वेळा विचारतात, दर खेपेला शब्द बदलतात, आणि पुढे कोर्टात तेच फरक तिच्यावर उलटवले जातात. तोवर सर सावध होतात आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर नवं चित्रण चढून जुनं पुसलं जातं. क्लबने करायच्या गोष्टी मोजक्याच : त्याच दिवशी सरांना सगळ्या मुलांपासून दूर करणं (दुसऱ्या शाखेत पाठवणं म्हणजे दूर करणं नव्हे), चित्रणाची प्रत काढणं, हजेरीपट कुलपात ठेवणं. मुलीचं नाव ग्रुपवर फिरता कामा नये. माध्यमांतून तिची ओळख उघड करणं कलम २३ खाली गुन्हा आहे.

*माझा मुलगा बावीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. पोहायला जातो, कपडे बदलायला मदत लागते. त्याला पॉक्सो लागू होतो का?*
– एक आई, नेरूळ

नाही. वय शरीराचं धरायचं, मनाचं नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. त्याच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. कलम ७ प्रमाणे छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं. कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांत फौजदारी तक्रार वेगळी होतेच.

तलावावर मदतनीस रोज बदलता नको. एकच माणूस, मुलाने पसंत केलेला, आणि दुसरा हाकेच्या अंतरावर. दर वेळी ‘मदत करू का?’ विचारायचं, बावीस वर्षांच्या माणसाचे कपडे परस्पर ओढायचे नाहीत. एका पानावर लिहून द्या : तो नकार कसा दाखवतो, कोणती बटणं स्वतः लावतो, फिट येत असतील तर काय करायचं. पोहायच्या चड्डीला अचानक हातच लावू देईना, मोरीत जायला घाबरू लागला, तर ‘त्याचं असंच असतं’ म्हणून सोडू नका. पाणी न देणं, चापटी मारणं, त्याच्या फोनवरून पैसे वळते करणं, हाही छळच.

*मंडळाच्या पेजवर मुलांचे फोटो टाकावेत का?*
– वागळे इस्टेट

पालकांची लेखी परवानगी घेऊन, संघाचा फोटो, पूर्ण गणवेशात. नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये कधीही नको. पोहण्याचे आणि जिम्नॅस्टिक्सचे जवळून घेतलेले फोटो टाकूच नका.