बोटॅनिकल गार्डनमध्ये लग्न करताय? डिपॉझिट भरायच्या आधी तिथी, होम, अक्षता आणि काउंटी बघून घ्या

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नेपरविलला राहतो, बावीस वर्षं झाली. मोठ्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा मराठीच आहे, त्याचे आईवडील नाशिकला असतात. मुलीने शिकागो बोटॅनिक गार्डन बघून ठेवलंय आणि तिला ३ ऑक्टोबर २०२६, शनिवार हीच तारीख हवीये. माझ्या सासूबाई सांगलीला असतात, ८१ वर्षांच्या आहेत, त्यांनी फोनवर सांगितलं की पितृपक्षात कसलं लग्न, आणि होम होणार नसेल तर मी विमानात बसणार नाही. मुलगी म्हणते हॉलमध्ये लग्न करायचंच नाही मला. नवरा म्हणतो तुम्ही दोघी ठरवा. मी दोघींच्या मधे अडकलेय आणि गार्डनवाले डिपॉझिट मागतायत. काय करू?

उत्तर: ताई, आधी डिपॉझिट थांबवा, दोन दिवस मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. तुमच्या घरात भांडण होतंय असं तुम्हाला वाटतंय पण मला तर आजी आणि नात दोघीही बरोबर वाटतायत. नातीला झाडांमधे लग्न करायचंय, त्यात वाईट काय आहे, आपल्याकडे मांडवाला आंब्याचे टहाळे आणि केळीचे खांब लावतात ते कशासाठी. आणि आजीला अग्नीच्या साक्षीने लग्न हवंय, त्यातही हट्ट काही नाही, आपल्या हिंदू विवाह कायद्यात सुद्धा, १९५५ च्या, लिहिलंय की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. म्हणजे आजी जे धरून बसल्यात तोच लग्नाचा गाभा आहे, मंगलाष्टका आणि फोटो नंतर.

आता तारीख. २०२६ मध्ये पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आहे, त्यामुळे ३ तारीख बरोब्बर मधे येते आणि १० तारखेचा शनिवार तर सर्वपित्री अमावस्या. मुलीला हे कोणी नीट सांगितलंच नसेल, तिच्यासाठी ऑक्टोबर म्हणजे लाल-पिवळी झाडं. परदेशात आपली खरी अडचण हीच आहे की बागांचा सीझन मे ते ऑक्टोबर आणि आपला चातुर्मास आषाढी ते कार्तिकी, म्हणजे इकडे फुलं असतात तेव्हा तिकडे मुहूर्त नसतात आणि तुळशीचं लग्न लागून मुहूर्त सुरू होतात तेव्हा शिकागोत कोट घालून फिरावं लागतं. त्यात २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आलाय, म्हणजे मे चा अर्धा आणि जूनचा अर्धाही गेला. आषाढी एकादशी २५ जुलैला. मग मेची सुरुवात सोडली तर राहिलं काय, जूनचा उत्तरार्ध आणि जुलैची सुरुवात. २० जून शनिवार आहे, २७ जून शनिवार आहे, हे दोन गुरुजींना विचारून बघा, गुलाब तेव्हा बहरात असतात आणि दिवस वर्षातला सगळ्यात मोठा असतो. आणि विचारताना सांगा की लग्न शिकागोत आहे, पंचांगातल्या वेळा भारतातल्या असतात, नुसतं साडेदहा तास मागे जाऊन चालत नाही कारण सूर्योदय-सूर्यास्त वेगळा, लग्नरास म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास वेगळी, गुरुजींना ते तुमच्या गावासाठी मांडावं लागतं.

जून जमलाच नाही तर चातुर्मासात काढीव, म्हणजे अडचणीच्या काळासाठी काढलेले, मुहूर्त असतात, आजकाल पुण्या-मुंबईत सुद्धा कितीतरी लग्नं त्यावर लागतात, आजींना हे माहीत असेल पण सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्याच गुरुजींनी सांगितलं तर पटेल. १२ सप्टेंबरचा शनिवार बघा, गणपती १४ ला बसतात. आणि दसरा २० ऑक्टोबरला मंगळवारी येतोय, साडेतीन मुहूर्तातला, त्याला वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही, मधल्या वारी बागांचं भाडंही बहुतेक ठिकाणी कमी असतं, पण पाहुण्यांना रजा काढावी लागेल आणि थंडी सुरू झालेली असेल, तेव्हा नव्वद टक्के कार्यक्रम आत होणार असं धरूनच ठरवा.

वेळेचंही बघा. बागा दिवसभर लोकांसाठी उघड्या असतात म्हणून लग्नासाठी जागा बहुतेक संध्याकाळी देतात, आणि इथे आपला गोरज मुहूर्त कामाला येतो. सप्टेंबरच्या मध्यावर शिकागोत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, सातला मंगलाष्टका, मग जेवण, छान बसतं. जूनमध्ये मात्र सूर्यास्त साडेआठला असतो, गोरज धरलात तर म्हातारी माणसं दहाला जेवायला बसणार आणि आवाज बंद करायची वेळ पण तेव्हाच येणार. जूनला गोरजाच्या मागे लागू नका, पाच-साडेपाचचा मुहूर्त निघतो का विचारा.

आता होम. माझ्या भाचीचं लग्न दुसऱ्या एका राज्यातल्या बागेत झालं. बुकिंगच्या वेळी तिथल्या मुलीने तोंडी सांगितलं होतं की छोटा होम चालेल, आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला, वर्षभरात ती नोकरी सोडून गेली आणि लग्नाच्या दिवशी नवीन मॅनेजरने करारातलं वाक्य दाखवलं की उघडी ज्योत चालणार नाही. गुरुजी कुंड मांडून बसलेले, लाह्या परातीत, मामा भाचीला घेऊन उभा. शेवटी समईवर काचेची चिमणी ठेवून तिच्याभोवती सप्तपदी केली आणि होम दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या ड्राइव्हवेवर झाला. माझे मेहुणे त्या रात्री जेवले नाहीत. मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं, आणि म्हणून मी प्रत्येकाला हात जोडून सांगते की तोंडी हो वर जाऊ नका, करारात लिहून घ्या.

काय लिहून घ्यायचं ते सांगते. कुठे करायचा, तर उघड्यावर, दगडी किंवा सिमेंटच्या फरशीवर, झाडाच्या फांद्यांखाली नाही, तंबूखाली नाही आणि काचेच्या घरात तर मुळीच नाही, तिथली झाडं वर्षानुवर्षं जपलेली असतात, धूर आणि धग त्यांना सोसत नाही. कुंड केवढं, तर तांब्याचं लहान, खाली विटा आणि वाळूची परात. किती वेळ, तर वीस-पंचवीस मिनिटं, हे गुरुजींशी आधी बोला, विवाहहोम आणि लाजाहोम तेवढ्यात नीट बसतो. अग्निशमन खात्याचा परवाना लागतो का आणि तो कोण काढणार, तुम्ही की बाग. विझवायचा सिलिंडर जवळ, आणि एक जबाबदार माणूस फक्त त्यासाठी उभा, फोटोत नसणारा. आणि मेल लिहिताना नुसतं फायर सेरेमनी लिहू नका, त्यांच्या डोळ्यासमोर शेकोटी येते, मागच्या एखाद्या लग्नातल्या कुंडाचा फोटो जोडा, माप लिहा. फोटो पाहिल्यावर हो म्हणणारे मी पाहिलेत.

तरी नाही म्हणाले तर? तर होम आणि सप्तपदी सकाळी घरी करा, किंवा शिकागोजवळच्या लेमाँटच्या हिंदू मंदिरात होईल का विचारा, जवळची पन्नास माणसं, आणि संध्याकाळी बागेत अंतरपाट, मंगलाष्टका, हार. आजी सकाळच्या लग्नाला पुढे बसतील. हे अर्धवट लग्न नाही, आपल्याकडेही सगळे विधी एकाच जागी आणि एकाच वेळी कुठे होतात, सीमांतपूजन आदल्या दिवशी असतंच की.

अक्षतांचं लोकांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं. बहुतेक बागा तांदूळ उधळू देत नाहीत. चिमण्या तांदूळ खाऊन मरतात हे खरं नाही, पण उंदीर येतात, दगडावर पाय घसरतो आणि हळद-कुंकवाचे डाग निघत नाहीत, ही कारणं खरी आहेत. मी सुचवते ते असं की बोहल्याखाली मोठी पांढरी चादर अंथरा, चांगली पंधरा फुटी, अक्षता फक्त घरच्यांच्या हातात द्या, ते जवळ उभे राहून डोक्यावर टाकतील आणि झालं की चारी टोकं उचलून गाठोडं बांधायचं. लांबच्या पाहुण्यांना खऱ्या फुलांच्या पाकळ्या, त्यासुद्धा विचारून. सप्तपदीच्या तांदळाच्या सात राशीही पाटावर किंवा त्याच चादरीवर मांडता येतात.

आणि एक, आजी कुलदेवतेच्या पायाशी ठेवलेल्या अक्षता बॅगेतून आणणार असतील तर आत्ताच सांगा, नका आणू. भारतातला तांदूळ प्रवाशांच्या सामानातून अमेरिकेत आणता येत नाही, खापरा नावाचा किडा असतो धान्यातला त्यामुळे बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. आंब्याचे डहाळे, बेलाची पानं, कढीपत्ता, ताजं काहीच नको. बेल आणि कढीपत्ता दोन्ही लिंबाच्या कुळातले, त्यांच्यावरून लिंबू-संत्र्याचा रोग आणि कीड येते म्हणून त्यांना फार जपतात. म्हाताऱ्या बाईच्या हातातून देवाच्या अक्षता कोणी काढून घेतल्या तर तिला काय वाटेल याचा विचार करा. त्याऐवजी त्यांना कुंकू आणायला सांगा, देवीचं, बंद डबीत, आणि शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेल्या तांदळाला त्यांच्या हाताने ते लावून घ्या, अक्षता आजीच्याच झाल्या.

बागेचे बाकीचे नियम जाचक वाटतात पण मला ते पटतात. ही ३८५ एकरांची जागा १९७२ पासून लोकांसाठी उघडी आहे, नऊ बेटं आहेत तिच्यात, एकेक झाड नोंदलेलं, राणीच्या बागेत झाडांवर पाट्या असतात ना तसं. त्यामुळे बागांमध्ये मांडवाचे खुंटे जमिनीत ठोकू देत नाहीत, खाली मुळं आणि पाण्याचे पाइप असतात, खांबांना वजनाचे पाय लागतात, हे डेकोरेटरला पहिल्या फोनवर सांगा. फांद्यांना तोरणं बांधायची नाहीत. मांडव उभारायला किती वेळ मिळणार ते विचारा, लोक गेल्यावर दोनच तास देणार असतील तर फुलांचा मोठा मांडव विसरा, चार खांब आणि झेंडूच्या माळा पुरे, मागे एवढी झाडं असताना प्लायवूडचा महाल कशाला हवा. मुलाकडचे घोडा म्हणत असतील तर नाही म्हणतील हे धरून चाला.

जेवण. बऱ्याच बागांचा स्वतःचाच केटरर असतो, बाहेरचा आणू देतात का हे आधी विचारा, देत असतील तर वेगळे पैसे किती, तळण बाहेर करायला जागा आहे का. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, अळूची भाजी, एवढं आपल्या माणसाने केलं तर बाकी काही का असेना. इव्हेंटचा विमाही मागतील, तो घ्या, फार महाग नसतो.

पाऊस आला तर आतली जागा तुमच्याच नावावर त्याच भाड्यात राखलेली आहे ना, हे लेखी हवं. नुसतं तंबू मिळेल असं नको, तळ्याजवळच्या वाऱ्यात अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून येतात, मी पाहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नेपरविलची माणसं हमखास चुकतात. इलिनॉयमध्ये मॅरेज लायसन्स ज्या काउंटीत काढलं त्याच काउंटीत लग्न लागावं लागतं. तुमचं घर बहुधा ड्युपेज काउंटीत, तुम्ही सवयीने व्हीटनला जाऊन लायसन्स काढाल आणि बाग आहे ग्लेनकोला, कुक काउंटीत. तिथला रस्ताच लेक-कुक रोड, दोन काउंटींच्या हद्दीवरचा. ते लायसन्स चालणार नाही. कुक काउंटीचंच काढा, दोघांनी मिळून जायचं, ते दुसऱ्या दिवसापासून लागू होतं आणि ६० दिवस चालतं, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत हातात हवं आणि तीन महिने आधी काढूनही उपयोग नाही. सही गुरुजींची लागते, नंतर १० दिवसांत ते क्लार्कच्या ऑफिसला परत पोचवायचं, हे काम नवरा-नवरीवर सोडू नका, ते हनिमूनला जातात, एखाद्या काकाला द्या.

आजींच्या व्हिसाची तारीख आजच बघा, बागेच्या तारखेआधी. मुंबईची अपॉइंटमेंट कधी मिळते त्यावरच जून की सप्टेंबर हे ठरेल. आणि मुलीला सांगा आजीशी तिनेच बोलायचं, व्हिडिओ कॉलवर, बाग दाखवत, होम कुठे होणार त्या फरशीवर उभं राहून. पार्किंगपासून मांडवापर्यंत आजींना किती चालावं लागेल ते तुम्ही स्वतः घड्याळ लावून चालून बघा, व्हीलचेअर किंवा छोटी गाडी मिळते का विचारा, खुर्ची पाठीची आणि हातांची हवी, गवतावर रुतणार नाही अशी. ऑक्टोबर ठरला तर शाल दोन.

आणि आजी आल्या की लग्नाच्या आधी एक दिवस त्यांना काचेच्या घरात घेऊन जा, गरम दमट हवा असते आत, उष्ण देशांतली झाडं असतात, सांगलीहून आलेल्या माणसाला तिथे जरा घरच्यासारखं वाटेल. कुठली झाडं ओळखीची निघाली ते नातीला त्यांनीच सांगू देत.