एक हजार डॉलर दहा हजारांवर भारी पडू शकतात

प्रश्न: मुलीला कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करायला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. टेक्सासमधलं एक सरकारी विद्यापीठ पहिल्या वर्षासाठी १,००० डॉलरची ‘कॉम्पिटिटिव्ह स्कॉलरशिप’ देतंय, तर दुसऱ्या राज्यातलं एक खासगी विद्यापीठ १०,००० डॉलर. दोन्हीकडे पदवीसाठी ३० क्रेडिट (अभ्यासक्रम मोजायचं एकक) लागतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी टेक्सासची फी सगळं धरून क्रेडिटमागे १,४०० डॉलर पडते, दुसरीकडे १,५००. शिक्षणकर्ज काढणार आहोत. आमचा कल अर्थातच दहा हजारांकडे आहे. योग्य वाटतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: डिपॉझिट भरायची घाई करू नका. टेक्सासच्या पत्रातले १,००० डॉलर ही खरी रक्कमच नव्हे.

टेक्सासच्या शिक्षण कायद्यात एक तरतूद आहे. सरकारी विद्यापीठाच्या अधिकृत समितीने, राज्यातल्या विद्यार्थ्यांशीही स्पर्धा लावून, वर्षाला किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर त्या विद्यार्थ्याला बाहेरच्याऐवजी स्थानिक रहिवाशाच्या दराने फी लावता येते. परदेशी नागरिकांनाही हे लागू आहे. कायद्याने ठरलेला स्थानिक दर क्रेडिटला ५० डॉलर आहे. बाहेरच्यांचा दर दरवर्षी नव्याने ठरतो, पण फरक ४०० डॉलरच्या वरच असतो. आपण ४०० धरू. पहिल्या वर्षी दोन सत्रांत ९ अधिक ९, म्हणजे १८ क्रेडिटवर ७,२०० डॉलर वाचतात. वर ते १,००० आहेतच.

आता हिशोब. टेक्सासचे पूर्ण ४२,००० डॉलर. सवलत फक्त पहिल्या वर्षी मिळाली तर ३३,८०० भरावे लागतील. दुसऱ्या वर्षी उरलेल्या १२ क्रेडिटनाही स्कॉलरशिप आणि सवलत मिळाली तर २८,०००. खासगी विद्यापीठाचे ४५,००० वजा १०,०००, म्हणजे ३५,०००. पण त्यांचं पत्र पुन्हा वाचा. अशा पत्रांत १०,००० हा बऱ्याचदा संपूर्ण अभ्यासक्रमाचा आकडा असतो आणि तो चार सत्रांत २,५०० प्रमाणे वळता होतो. मुलीने तीन सत्रांत पदवी संपवली तर चौथा हप्ता बुडतो आणि खर्च ३७,५०० वर जातो.

तरीही डोळे झाकून टेक्सास घ्या, असं मी म्हणणार नाही, कारण ही सवलत शिष्यवृत्तीला बांधलेली आहे. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, घसरला (बहुतेक ठिकाणी ४ पैकी ३.० ची अट असते) किंवा मध्येच विषय सोडून क्रेडिट ९ च्या खाली गेले, तर शिष्यवृत्ती जाते आणि तिच्यामागोमाग सवलतही. पहिल्याच सत्रानंतर असं झालं तर एकूण आकडा ३७,९०० होतो. म्हणजे खासगीपेक्षाही महाग! शिवाय कोणत्याही विद्यापीठाला अशी सवलत आपल्या एकूण विद्यार्थिसंख्येच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षाचं आश्वासन सहसा कोणी लेखी देत नाही.

म्हणून ग्रॅज्युएट ऑफिसला आजच मेल टाका. या शिष्यवृत्तीबरोबर रहिवासी दराची सवलत नक्की मिळते का, की विद्यापीठाने त्यासाठी १,००० पेक्षा मोठ्या रकमेची अट ठेवली आहे? माफी फक्त कायद्यातल्या दराच्या फरकाची, की विभाग परदेशी विद्यार्थ्यांवर लावतो त्या जादा शुल्काचीही? सवलत १२ महिन्यांची, म्हणजे उन्हाळी सत्र धरून आहे का? दुसऱ्या वर्षी अर्ज वेगळा करायचा का, शेवटची तारीख कोणती? उत्तर लेखीच हवं. सीनियर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं ‘सगळ्यांना मिळतं रे’ इथे चालणार नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. सवलत उन्हाळ्यालाही लागू असेल तर पहिल्या १२ महिन्यांत ९, ९ आणि ३ असे २१ क्रेडिट होतात. उरलेले ९ पुढच्या फॉलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्रात. फीचा आकडा ३२,६०० वर येतो, पण खरी बचत एक सत्र कमी राहिल्याने होणाऱ्या घरभाड्याची आणि जेवणाखाण्याची आहे. मात्र त्याच उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली तर तिच्याआड येणारा विषय घेऊ नये. नोकरीच्या दृष्टीने इंटर्नशिप मोलाची.

दुसऱ्या वर्षासाठी आणखी एक वाट आहे. आपल्या पदवीशी संबंधित कामावर आठवड्याला २० तास टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून लागलेल्या विद्यार्थ्यालाही टेक्सासमध्ये रहिवासी दर मिळतो. त्यामुळे मुलीने पहिल्या सत्रापासूनच प्राध्यापकांशी बोलायला हवं. दोन गैरसमज मात्र आधीच काढून टाका. वर्षभर राहिलं की आपोआप रहिवासी दर लागतो, हे एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला लागू नाही. आणि इथल्या एखाद्या ट्रस्टची शिष्यवृत्ती कितीही मोठी असली तरी तिच्यामुळे ही सवलत मिळत नाही. समिती विद्यापीठाचीच लागते.

कर्जाचं म्हणाल, तर मंजुरी सवलतीविना येणाऱ्या आकड्याची घ्या आणि उचल सत्रागणिक करा. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. डॉलर ९० रुपये धरला, तर ३३,८०० आणि २८,००० मधला फरक ५.२२ लाख रुपयांचा. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,००० रुपयांनी हलका होतो. कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी घेतली असेल तर ती हिशोबात धरू नका. बँकेच्या शिक्षणकर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) नाही. स्वतःच्या बचतीतून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलंत तर तो कापला जातो. विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. राहण्याचा खर्च आई-वडिलांनी आपापल्या पॅनवरून वाटून पाठवला तर प्रत्येकाला ही मर्यादा स्वतंत्र मिळते.

आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं कागदपत्र) आधीच आलं असेल आणि शिष्यवृत्ती त्यावर दिसत नसेल, तर सुधारित प्रत मागवा. बँक आणि व्हिसा अधिकारी दोघेही त्यावरचेच आकडे बघतात.

माझं मत टेक्सासच्या बाजूने आहे, पण मेलला ‘होय, सवलत लागू’ असं लेखी उत्तर आलं तरच. बजेट ३३,८०० धरूनच करा, २८,००० धरून नव्हे. उत्तर ‘नाही’ आलं, तर टेक्सासचा खर्च ४१,००० होतो. मग खासगी विद्यापीठच स्वस्त. त्यांचा हप्त्यांचा तक्ता मात्र डिपॉझिट भरण्याआधी मागून घ्या.