दुकानाच्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवली. आता मुलाला कुठं घालू?

पलूसच्या ताईंना नमस्कार.

दहावीची परीक्षा संपल्यावर मुलानं तुमच्या कृषी सेवा केंद्रातला जुना कॉम्प्युटर उघडला, २५६ जीबीची एसएसडी (म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणून जुन्या हार्ड डिस्कशेजारी बसवली आणि विंडोज नव्या डिस्कवर टाकलं. चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारं मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होतं. त्याला हेच शिकायचंय. त्याचे मामा म्हणतात, ही स्क्रू-ड्रायव्हरची कामं, अकरावी सायन्सला घाला. शिवाय पैसे २५६ चे दिले आणि कॉम्प्युटर २३८ च दाखवतो, दुकानदारानं फसवलं का, असंही तुम्ही विचारलंय.

फसवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ ला १०२४ नं दोनदा गुणून येणारा आकडा धरतं, तो १०७ कोटींच्या वर जातो. म्हणून २५६ चे २३८ दिसतात. मुलाला कागदावर हा भागाकार करायला लावा. गणिताशी त्याचं कितपत जमतं तेही कळेल, आणि पुढं ते लागणार आहे.

वेगाचं म्हणाल तर हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हव्या त्या जागी पोचायला माहिती वाचणाऱ्या हेडला दरवेळी काही मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. त्यामुळं ती कुणीही बसवली तरी मशीन पळणारच. सॅटाची (डेटा नेणारी) आणि पॉवरची केबल जोडणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्यापुरतं मामांचं म्हणणं खरं आहे.

पण तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, "उधारीची खाती जुन्या डिस्कवर होती, म्हणून ती त्यानं पुसू दिली नाही." ताई, मला तुमचा मुलगा त्या ओळीत दिसला. शेतकऱ्यांनी खत-औषधं उधार नेलेली, हंगाम झाल्यावर वसुली व्हायची, ती सगळी नोंद त्या एका डिस्कवर. ती सांभाळायची हे कुणी न सांगता त्याच्या लक्षात आलं. या क्षेत्रात पगार मिळतो तो या जाणिवेचा.

ही जाणीव किती खोल आहे ते तपासायला दोन गोष्टी करा. पहिली, कॉम्प्युटर बंद करून, भिंतीतला प्लग काढून, जुन्या डिस्कच्या केबल त्याला सोडवायला सांगा आणि मग मशीन चालू करा. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर सुरुवातीच्या फायली कधीकधी जुन्या डिस्कवरच बसतात. मग ती काढली की मशीन उठतच नाही. सुरू झालं तर का झालं ते त्यानं सांगावं. नाही झालं तरी हरकत नाही, जुन्या केबल लावल्या की पूर्ववत होईल. अडल्यावर तो चिडून केबल ओढतो की कारण शोधत बसतो, तेवढं मात्र नीट बघा.

दुसरी गोष्ट, त्याला विचारा, जुनी डिस्क उद्या गेली तर उधारी कुठं शोधायची? एसएसडीवर कॉपी केलीय म्हणाला तर उत्तर अर्धं झालं. दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत, व्होल्टेज वरखाली झालं तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. त्यात एसएसडी बऱ्याचदा काही इशारा न देताच बंद पडते. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढून ती दुकानात न ठेवता घरी ठेवायची, इथपर्यंत तो पोचला तर पोरगा कामाचा आहे. नाही पोचला तर सांगा आणि आजच करायला लावा, करिअरचं काहीही ठरो.

नुसत्या एसएसडी बसवून देण्यावर मात्र आयुष्य काढता येणार नाही. नवे लॅपटॉप आतच एसएसडी घेऊन येतात, कित्येकांची रॅमसुद्धा बोर्डाला पक्की जोडलेली असते. बदलून देण्याचं काम कमी होत जाणार. सांभाळण्याचं काम वाढतंय. मिरजेच्या हॉस्पिटलांत सीटी-एमआरआयच्या इमेज जपाव्या लागतात, साखर कारखान्यांत वजनकाट्याच्या आणि ऊसबिलांच्या नोंदी, पतसंस्थांत ठेवीदारांची खाती. हे सगळं सर्व्हरवर असतं, आणि तो सर्व्हर, त्याचं नेटवर्क आणि बॅकअप बघणारा माणूस लागतो. मुलाला त्या दिशेनं न्या.

माझा सल्ला डिप्लोमाचा आहे. दहावीनंतर तीन वर्षं कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, तिथं आणखी तीन. मामांच्या वाटेनं अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार. दोन्हीकडं सहाच वर्षं होतात, पण डिप्लोमात तीन वर्षांनी हातात कागद असतो आणि नोकरीही धरता येते. हे मामांना जरूर सांगा. शासकीय तंत्रनिकेतन मिरजेला आहे, कऱ्हाडलाही आहे. कुठं कोणती शाखा, किती जागा, ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. गणितात तो फारच मागं असेल तर आयटीआयचा हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात कमीपणा मानू नका.

तोवर सुट्टीत त्याच जुन्या हार्ड डिस्कला हात न लावता, पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी सिस्टीम) चालवून बघू दे. यूट्यूब बघून केलेलं आणि स्वतः वाचून केलेलं यातला फरक त्याला तिथं कळेल.

डिप्लोमाचे प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतात आणि निकाल लागला की धावपळ सुरू होते. डोमिसाईल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, यांचे अर्ज आत्ताच टाकून ठेवा. निकालानंतर सेतूत रांगा लागतात.