हौसेचं मोल: वर्षाला ४ की १६?

एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा: "चार वर्षांनी निवृत्त होतोय. आम्ही दोघं आणि एक कुत्रा. पिकअपवर बसणारा, कच्च्या रस्त्यावर टिकणारा आणि चारही ऋतूंत राहता येईल असा कॅम्पर ऑर्डर देऊन बनवून घ्यायचा आहे. बनवणारा निम्मी रक्कम आगाऊ मागतोय, १४ महिन्यांनी हातात देईन म्हणतोय. आमची पिकअप त्याला छोटी पडेल, मोठी घ्यावी लागेल. कमी पडतील तेवढे घर तारण ठेवून उचलू. ऑर्डर देऊ का? आकडे मात्र छापू नका."

आकडे छापत नाही. कॅम्परची, म्हणजे पिकअपच्या मागे बसवायच्या राहत्या खोलीची, मूळ किंमत १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मोजतो. त्या मापात तुमचा वर्षाचा घरखर्च ४० आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ऑर्डर द्या, पण हा कॅम्पर नको, या हप्त्यांनी नको आणि येती थंडी सरेपर्यंत तर नकोच.

पत्रात तुम्ही १०० म्हणता, पण सोबत पाठवलेलं कोटेशन वाचलं तर जादा सोयींचे १८ त्यात वेगळे आहेत. तुमची पिकअप विकून मोठी घ्यायला वरचे ५५ लागतील. म्हणजे निर्णय १७३ चा आहे. निवृत्तीचा निधी सोडून तुमच्याकडे १५० आहेत. त्यातले ४०, म्हणजे एक वर्षाचा घरखर्च, अडीअडचणीसाठी आहेत, त्यांना हात लावायचा नाही. उरले ११०. तूट ६३ ची, म्हणून ७० चं कर्ज. नऊ टक्क्यांनी दहा वर्षांत त्या ७० चे सुमारे १०६ फेडावे लागतात. त्यातली शेवटची सहा वर्षं हप्ता पेन्शनमधून जाणार, आणि तारण काय, तर राहतं घर. फिरायच्या गाडीसाठी राहतं घर गहाण टाकायला मी कोणालाच हो म्हणत नाही, पैसेवाल्यालासुद्धा.

आता तुम्हाला ही मोठी पिकअप का लागतेय ते बघू, कारण ५५ तिथे अडकलेत.

माहितीपत्रकात कॅम्परचं वजन १०९० किलो लिहिलंय. हे रिकाम्या खोक्याचं वजन: टाकीत पाणी नाही, जादा बॅटरी नाही, आत कोणी माणूस नाही. तुमच्याच यादीवरून मी बेरीज केली. पाणी ११० लीटर, म्हणजे ११० किलो. बॅटऱ्या आणि सोलर ९५. बाहेरचं छत आणि कॅम्पर उचलायचे जॅक ८०. तुम्ही दोघं १४५, कुत्रा २५. कपडे, भांडी, किराणा ११०. हत्यारं, गाडी रुतली तर काढायचं सामान आणि दुसरं जादा चाक ७५. गॅसच्या दोन टाक्या ३५. झाले १७६५ किलो. तुमच्या पिकअपच्या दारावरच्या पट्टीवर माणसं आणि माल मिळून १३५० किलो लिहिलंय. ४१५ किलो जास्त. एवढं वजन घेऊन सपाट रस्त्यावरही जायचं नाही, कच्च्याची तर गोष्टच सोडा.

बनवणाऱ्याने तुम्हाला "मागे एअर स्प्रिंग टाका, चालून जाईल" असं सुचवलंय. एअर स्प्रिंगने गाडीचं मागचं बूड वर येतं, मान्य वजन एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक तेच, आस तोच, टायर तेच. आणि अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी दारावरची पट्टी वाचतो. कॅम्परचं जवळजवळ सगळं ओझं मागच्या आसावर येतं, म्हणून टायरच्या कडेवरचा भारांकही बघून ठेवा. १२१ असेल तर एक टायर १४५० किलो पेलतो, मागचे दोन मिळून २९००. त्यात रिकाम्या पिकअपचा मागचा भारही धरायचा, हे लोक हमखास विसरतात.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. आधी पिकअप काट्यावर न्या. डिझेलची टाकी भरलेली, दोघं आत, कुत्राही आत. एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त मागची चाकं, अशा दोन पावत्या घ्या. तुमच्या गाडीला किती किलोचा कॅम्पर चालतो हे त्या पावत्या सांगतील. मग तेवढ्याचा कॅम्पर शोधायचा. आधी कॅम्परवर जीव जडला की त्याच्या मापाची गाडी शोधत फिरावं लागतं, आणि तेव्हा ५५ ही मामुली रक्कम वाटायला लागते.

त्याच कोटेशनच्या तळाशी एक लहान मॉडेल आहे, तुम्ही त्यावर रेघ मारलीत. कडक भिंतींचं, सँडविच पॅनलचं (दोन पातळ पत्र्यांमध्ये ऊब धरणारा थर), ६४० किलो, किंमत ७२. आत उभं राहता येतं, फक्त बाथरूम वेगळं नाही आणि बसायची जागा आखूड आहे. त्याच्यासह सगळं सामान धरलं (पाणी ८० लीटर, बॅटरी निम्मी, गॅसची एकच टाकी) तर सुमारे १२२० किलो होतात. तुमच्या आत्ताच्याच पिकअपमध्ये १३० किलो शिल्लक राहतात. गरजेच्या सोयींचे १० धरून किंमत ८२. कर्ज शून्य.

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझा धंदाच मोल लावायचा, म्हणून लावून बघितलं. आठ वर्षांनी निम्म्या किमतीला विकला जाईल असं मानू. हा माझा अंदाज, आणि जितक्या खास तुमच्यासाठी केलेल्या गोष्टी तितकं गिऱ्हाईक कमी, त्यामुळे तो उदारच समजा. लहान कॅम्परची घट वर्षाला ५, विमा, देखभाल आणि उभा करायची जागा ३, आणि अडकलेल्या पैशावर पाच टक्क्यांनी बुडालेलं उत्पन्न ३. एकूण ११. मोठी पिकअप आणि मोठा कॅम्पर मिळून याच हिशोबाने वर्षाला २३ च्या वर जातात. तुम्ही कळवलेल्या दराने भाड्याच्या कॅम्परची एक रात्र ०.२ ला पडते. म्हणजे लहान कॅम्पर वर्षाला ५५ रात्री वापरला तर भाड्याशी बरोबरी होते, मोठा ११६ रात्री.

गेली तीन वर्षं तुम्ही सरासरी ३४ रात्री बाहेर काढल्यात. "पहिल्या वर्षापासून ९० रात्री जाऊ" असं पत्रात आहे, पण नोकरी अजून चार वर्षं आहे आणि रजा काही वाढणार नाही. मी ३४ च धरतो.

निव्वळ आकडेमोडीने तर भाड्यानेच घ्या असं निघतं. पण भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर न्यायची बहुधा बंदी असते, आणि बर्फाच्या दिवसांत बरेच जण कॅम्पर भाड्याने देतच नाहीत. तुम्हाला नेमकं तेच हवंय. तेव्हा ३४ आणि ५५ मधल्या २१ रात्रींचा फरक, म्हणजे वर्षाला ४ च्या आसपास, ही तुमच्या हौसेची खरी किंमत. घरखर्चाच्या मापात सव्वा महिना. तो तुम्हाला झेपतो, बिनधास्त द्या. मोठ्या जोडीत हीच किंमत १६ च्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांचा घरखर्च, दरवर्षी. तेही कर्जाचं व्याज वेगळं न धरता. बाथरूम आणि लांब सोफ्यासाठी हे जास्त होतं.

आता थंडी. "फोर-सीझन" हा शब्द कोणीही छापू शकतो. युरोपच्या ईएन १६४६ मानकात कॅम्पर गाड्यांच्या ऊबेच्या पायऱ्या ठरवल्यात. सर्वात वरच्या, तिसऱ्या पायरीत बाहेर उणे १५ असताना आत २० अंश आले पाहिजेत आणि पाण्याची यंत्रणाही चालली पाहिजे. बनवणाऱ्याला एवढंच विचारा: उणे १५ ला आत किती आणि नळ चालतो का? "आमच्या गिऱ्हाइकांची कधी तक्रार नाही" असं उत्तर आलं तर समजून जा.

१८ च्या यादीतलं थंडीसाठी खरंच लागणारं फारसं काही नाही. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या ऊबदार भागात हव्यात, झडपांसकट. टाकी आत आणि झडप बाहेर असेल तर पहिल्याच कडक रात्री झडप गोठते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होते, म्हणून चांगल्या बॅटरीत चार्जिंग आपोआप तोडलं जातं. म्हणजे लख्ख ऊन पडलंय, पॅनल वीज देतंय आणि बॅटरी घेतच नाही. ती आत ठेवा किंवा तापवणारी घ्या. गॅस प्रोपेनच हवा. ब्यूटेन शून्याच्या आसपास टाकीतच द्रव राहतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देतो. यातलं शेवटचं मी पुस्तकात नाही शिकलो. एका थंडीत सहा रात्री भाड्याचा कॅम्पर घेतला होता. तिसऱ्या पहाटे शेगडीची ज्योत बोटाच्या नखाएवढी झाली आणि आम्ही टाकी पांघरुणात घेऊन बसलो.

त्याच सकाळी भिंतीवर हात फिरवला, तर आतल्या धातूच्या फ्रेमच्या रेषा ओल्या उमटल्या होत्या, चौकटीवहीसारख्या. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लीटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. एक किलो प्रोपेन जळाला की १.६ किलो पाणी तयार होतं, म्हणून शेगडीवर कॅम्पर ऊबवू नका. हीटर धूर बाहेर टाकणारा हवा. आणि ओल धरते ती धातू जिथे आतून बाहेर सलग जातो तिथे. लहान मॉडेलच्या सलग सँडविच पॅनलमध्ये तशा जागा कमी, हा त्याचा मला दिसलेला मोठा गुण. दुहेरी काचांच्या खिडक्या घ्या. विजेवर उघडणारं छत, बाहेरचा शॉवर आणि मोठा इन्व्हर्टर यादीतून काढून टाका. तिथेच बरेच पैसे वाचतात, शिवाय वजनही.

म्हणून येत्या थंडीत, जो कोणी देईल त्याच्याकडून, याच मापाचा कॅम्पर दहा रात्री भाड्याने घ्या. खर्च २. त्या दहा रात्रींत कुत्र्याच्या ओल्या पंजांसकट तिघं त्या जागेत मावता का ते कळेल, आणि सौभाग्यवतींना हे खरंच आवडतं का तेही. पत्र तुमच्या एकट्याच्या सहीचं आहे, म्हणून विचारतोय.

आणि आगाऊ रक्कम. मला सगळ्यात जास्त धास्ती याची आहे.

माझ्या एका क्लायंटने साठ टक्के भरले होते. नवव्या महिन्यात कारखान्याला कुलूप लागलं. त्यांच्या कॅम्परचा सांगाडा आत तयार होता, काचेतून दिसायचा. पण तो त्यांचा आहे असं एका कागदावरही नव्हतं. धंदा बुडाला की तारण घेऊन कर्ज देणारे आधी, आगाऊ भरणारं गिऱ्हाईक रांगेत शेवटी. अकरा महिन्यांनी जे हाती आलं त्यात टायर बदलता आले. तो बनवणारा लबाड नव्हता. नव्या ऑर्डरच्या पैशाने जुनी ऑर्डर पुरी करत होता, आणि ऑर्डरी आटल्या.

तुमचा बनवणाराही निम्मे मागतोय, तेव्हा त्याच्याकडे खेळतं भांडवल किती हे विचारायला लाजू नका. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यायचे: नंबर लावायला १० टक्के, सांगाडा उभा राहिला की २५, आतलं काम संपून काट्याची पावती दाखवली की ३५, आणि उरलेले ३० ताबा घेताना, पाण्याच्या टाक्या भरून आणि छतावर पाण्याचा फवारा मारून बघितल्यावर. दुसऱ्या हप्त्याला सांगाड्याचा क्रमांक आणि फोटो मागा, आणि पैसे भरले तेवढा माल तुमच्या मालकीचा हे वाक्य करारात असू द्या. आगाऊ रक्कम तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवायला तो तयार झाला तर सोन्याहून पिवळं.

करारात वजनही लिहून घ्या: तयार कॅम्पर ६४० किलो, तीन टक्के इकडेतिकडे, त्यापुढे गेलं तर ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत. हे कलम टाळणाऱ्याला स्वतःच्या कॅम्परचं वजन माहीत नसतं. किंमत १४ महिने बांधलेली आहे का, कारखान्यात असताना विमा कोणाचा, आणि परक्या चलनात हप्ते असतील तर घसरण कोणाच्या माथी, हेही त्यातच. मधे काही बदल सुचला तर प्रत्येक बदलाची किंमत आणि किलो दोन्ही लेखी. १४ महिन्यांत सुचतं फार.

८२ गेल्यावर ११० मधले २८ उरतात. त्यातून भाड्याच्या रात्रींचे २ गेले, मग चांगले टायर, कॅम्पर थेट चॅसीला बांधायच्या मजबूत पट्ट्या आणि कच्च्या रस्त्यावर चालवायचं दोन दिवसांचं शिक्षण. बाकीचे तसेच राहू द्या, पहिल्या वर्षी काहीतरी निघतंच.

आत्ता काट्याच्या दोन पावत्या काढून पाठवा. थंडीतल्या दहा रात्री झाल्या की कराराचा मसुदा मागवा आणि सही करण्याआधी मला दाखवा. हप्त्यांचं पान मला आधी बघायचंय.